बाँडवर जामीनदार म्हणून सही करू का? (एमबीबीएस, १ वर्ष, १० लाख)

तेरणाकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या भाचीचा यंदा नीटमधून सरकारी मेडिकलला नंबर लागला. बहिणीचं गाव औसा तालुक्यात. दाजींची तीन एकर कोरडवाहू, सगळा भरवसा सोयाबीनवर. पोरीनं दोन वर्षं लातुरात खोली करून, डब्याचं खाऊन अभ्यास केला, त्यातलं एक साल रिपीटचं. यादी लागली त्या दिवशी मी आडतीत हमालांसकट सगळ्यांना पेढे वाटले. (मी आडत बाजारात मुनीम आहे. दुसऱ्याचे हिशेब लिहितो.)

आता मुद्दा. प्रवेशाच्या कागदांत बंधपत्र आहे. शिक्षण झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा, नाही केली तर १० लाख. भाचीला मिळालेल्या नमुन्यात खाली जामीनदाराची सही मागितलीय. दाजी म्हणायलेत, "मामाच करतील." पोरगी काही बोलत नाही, नुसती माझ्याकडं बघायलीय.

मला १० लाखांची भीती वाटत नाही असं आधी लिहिलं होतं, मग खोडलं. वाटते. माझे वडील एकाच्या सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिले होते. कर्ज घेणारा पुण्याला गेला तो गेलाच. आमच्या सातबाऱ्यावर ११ वर्षं बोजा होता. 'जामीन' शब्द ऐकला की आई अजून देवघराकडं बघते. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही, आधी इथं विचारतोय.

पोरीवर माझा अविश्वास नाही. पण साडेपाच वर्षांनी काय होईल ते कुणी सांगावं? लग्न होईल, सासरचे नको म्हणतील, पुढं पीजी लागेल. मग नोटीस कुणाच्या दारात येते? ज्यांनी बाँड केला किंवा भरला त्यांनी खरं काय ते सांगा.

खवा_भूम

आधी अभिनंदन! पेढे भूमच्या खव्याचे होते की साधेच?

सही करा हो मामा. भाचीसाठी नाही करायची तर कुणासाठी करायची?

बाह्यरुग्ण_क्र_१

तेरणाकाठ, मी मराठवाड्यातल्याच सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं आणि बाँडही केला. त्यामुळं ऐकीव सांगत नाही.

साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, त्यानंतर बाँड. रकमा एमबीबीएसला १० लाख, पीजीला ५० लाख आणि सुपरस्पेशालिटीला २ कोटी. शेवटचा आकडा वाचून आत्ताच छातीत धडधड नको, तिथं पोचणारे मूठभर असतात. बऱ्याच पालकांना वाटतं बाँड म्हणजे वर्षभर फुकट राबायचं. तसं नाही. बंधपत्रित वैद्यकीय अधिकारी म्हणून ऑर्डर निघते आणि पगार मिळतो. माझ्या बॅचचे काही पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) गेले, काही ग्रामीण रुग्णालयात, दोघं मेडिकल कॉलेजातच राहिले.

"कोर्टात गेलं की बाँड सुटतो" असं सांगणारा एक काका प्रत्येक गावात असतो. त्याचं ऐकू नका. १९ ऑगस्ट २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं राज्यांच्या बाँडच्या अटी वैध ठरवल्या आहेत. सरकारी पैशानं शिकलात, समाजाला काही द्या, हा त्यातला गाभा. देशभर एकसारखं धोरण करा असंही त्याच निकालात केंद्राला सुचवलंय.

माझा अनुभव विचाराल तर बाँडचं वर्ष सोपं होतं, बाँड झाला हे सिद्ध करणं अवघड गेलं. मी रुजू झालो ३ तारखेला. एका कागदावर ३ आणि दुसऱ्यावर १३ पडली. कुणाच्या तरी हातून एक एक्का जास्तीचा लागला. त्या एक्क्यापायी बाँडमुक्तीच्या कागदासाठी चार महिने फेऱ्या मारल्या. "तुमचे १० दिवस कमी भरतात." पगाराच्या स्लिपा दाखवल्या तर म्हणे तो विभाग वेगळा.

म्हणून भाचीला आजच सांगा, रुजू अहवाल, हजेरीची प्रत, कार्यमुक्तीचा आदेश, सगळ्याची झेरॉक्स ठेवायची. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. तुम्ही मुनीम आहात, तुम्हाला मी काय सांगू.

हिमरू

सगळे बाँडचं कौतुक करायलेत म्हणून थोडं खारट लिहितो.

१० लाख हा दंड कुणाला वाटतो? तेरणाकाठ यांच्या दाजींना. माझ्या माहितीतल्या एका मुलाच्या वडिलांचं स्वतःचं हॉस्पिटल आहे. खासगी कॉलेजात एका वर्षाला जेवढी फी जाते तेवढीच ही रक्कम. त्यांनी सरळ चेक फाडला, पोरगा पीजीच्या क्लासला बसला, पुढच्या साली रेडिओलॉजी. त्यांच्या लेखी तो दंड नव्हता, एक वर्ष विकत घेतलं. आणि कोरडवाहूवाल्याची पोरगी त्याच वर्षी पीएचसीत रात्रपाळी करत होती.

म्हणजे सेवा कोण करणार ते बापाच्या पासबुकावर ठरतं. कागदावर मात्र दोघांचा बाँड सारखाच.

खवा_भूम

मग काय एक कोटी करायचा? म्हणजे गरिबाच्या जामीनदाराचं मरणच. हिमरू, दुखणं बरोबर सांगितलंत, औषधही सांगा.

हिमरू

पैसे भरून सुटायची वाटच बंद करा. सेवा म्हणजे सेवा. हवं तर दोन वर्षं पुढं ढकलायची मुभा द्या, पण चेक घेऊ नका.

बाह्यरुग्ण_क्र_१

आणि मनाविरुद्ध आणून बसवलेला डॉक्टर पेशंटला हात तरी लावेल का? मी असा एक सहकारी पाहिलाय. वर्षभर खुर्चीत मोबाइलवर पीजीच्या परीक्षेचे एमसीक्यू सोडवत बसायचा. त्यापेक्षा चेक परवडला. चेकचा पैसा त्या पीएचसीकडं वळला तर जास्तच परवडला, पण तो तिकडं जाताना मी पाहिला नाही.

ढोकीकर

इथं सगळे "बाँड करायचा की नाही" यावर भांडायलेत. आमच्या घरी उलटीच गंमत.

धाकटा भाऊ इंटर्नशिप संपवून सात महिने घरी बसला. बाँड करायचाय, पण ऑर्डरच नाही. चौकशीला गेला की "येईल, बघत राहा". खासगीत नोकरी धरावी तर उद्या ऑर्डर आली आणि हजर झाला नाही तर बाँड मोडला म्हणतील. पीजीचा अभ्यास करावा तर मन लागत नाही. आई शेजाऱ्यांना सांगायची, "डॉक्टर झालाय, सुट्टीवर आहे." सात महिन्यांची सुट्टी! शेवटी ऑर्डर आली ती अडीचशे किलोमीटरवर, तीन दिवसांत हजर व्हा म्हणून.

त्यानं उशीर केला असता तर १० लाख. सरकारनं सात महिने उशीर केला त्याचे किती? बंधपत्रात ती ओळ शोधली, सापडली नाही.

बाह्यरुग्ण_क्र_१

ढोकीकर, हे मान्य. आणि पुढं वाढेल असं मला वाटतं. आमच्या वेळी मराठवाड्यात सरकारी कॉलेजं मोजून चार. संभाजीनगरची घाटी १९५६ ची, मग अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर. आता धाराशिव, परभणी, हिंगोली, जालनाही सुरू झाली. आठ जिल्ह्यांत आठ. या नव्या कॉलेजांच्या बॅचा बाहेर पडतील तेव्हा बाँडवाले डॉक्टर भरपूर असतील. त्यांना द्यायच्या जागा त्याच वेगानं मंजूर झाल्या नाहीत, तर तुमच्या भावासारखे घरोघर दिसतील.

जिरायती_माणूस

मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. आमची पण बाजू ऐका.

आमच्या पीएचसीखाली तीस हजाराच्या वर लोकसंख्या. मागच्या पाच सालात सहा डॉक्टर पाहिले. सगळे बाँडवाले, सगळी चांगली लेकरं. पण नाव पाठ होईस्तोवर निरोप समारंभ. माझ्या मायला शुगर आणि बीपी. प्रत्येक नवा डॉक्टर पहिल्यापासून विचारतो, "आजी, कधीपासून त्रास आहे?" माय आता वैतागून सांगते, "त्या चष्मेवाल्याला विचार, त्याला समदं ठाव आहे." चष्मेवाला जाऊन दोन सालं झाली.

तुमचं एक वर्ष तुम्हाला मोठं वाटतं. आमच्याकडून बघितलं तर एक पेरणी आणि एक काढणी. त्यात माणूस काय कळतो?

पण हेही खरं की बाँड नसता तर खुर्ची मोकळीच राहिली असती. आधी तेच होतं. कंपाउंडर गोळ्या द्यायचा.

पैनगंगा

जिरायती दादा, तुमच्या आईंची गोष्ट वाचून कसंतरीच झालं, कारण मीही कुणाची तरी 'चष्मेवाली' आहे.

माझा बाँड किनवट तालुक्यात झाला. घरचे सगळे शहरातले. पहिल्या दिवशी बाबा सोडायला आले, क्वार्टर बघितलं आणि म्हणाले, "चल परत, भरू १० लाख कर्ज काढून." क्वार्टरच्या मागच्या खिडकीला गज होते पण काच नव्हती. बाथरूमला कडी नव्हती. सिस्टरांनी त्यांच्या घरून पडदा आणून लावला. पहिला आठवडा मी त्यांच्याच घरी झोपले.

कामाचं म्हणाल तर तीन महिन्यांत जे शिकले ते इंटर्नशिपमध्ये शिकले नव्हते. कॉलेजात आपल्या डोक्यावर तीन माणसं असतात. इथं रात्री दोनला बाई अडली की तुम्ही, सिस्टर आणि १०८ चा फोन. नांदेड दीडशे किलोमीटरच्या आसपास. पाठवायचं की थांबायचं, हे ठरवायला दहा मिनिटं. एकदा मी थांबायचं ठरवलं आणि बरोबर निघालं. एकदा पाठवायला उशीर केला. त्याबद्दल इथं लिहीत नाही.

पावसाळ्यात विंचवाचे पेशंट रोजचे. शेतात अनवाणी काम, लाल विंचू, घामानं निथळलेला माणूस, हातपाय गार. अशा वेळी प्राझोसिनची गोळी द्यायची हे आता कुठल्याही पीएचसीत ठाऊक आहे. ते ज्यांनी शोधलं ते डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जालना जिल्ह्यातले, भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. १९७६ पासून महाडजवळ बिरवाडीच्या पीएचसीत नोकरीला होते. विंचवानं माणसं मरताना पाहिली, नोंदी ठेवल्या, १९८२ साली त्यांचं काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०२२ मध्ये पद्मश्री. कोपऱ्यातल्या पीएचसीत वर्ष वाया जातं असं कुणी म्हणालं की मला ते आठवतात. अर्थात ते वर्षभरात निघून गेले नाहीत, हे जिरायती दादांच्या बाजूनं जातं.

तेरणाकाठ काका, भाचीच्या बाजूनं एकच सांगते. मुलीला पोस्टिंग मिळेल तेव्हा सहीपेक्षा जास्त गरज लागेल ती पहिल्या दिवशी सोबत जाऊन कडी-कोयंडा बघणाऱ्या माणसाची. सही आत्ता करा, पण त्या दिवशी रजा काढा.

नागसेनवन

ढोकीकर यांचा प्रश्न (सरकारनं आपला शब्द मोडला तर काय?) नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हाच पडला होता.

बाबासाहेबांना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. ४ जून १९१३ ला करारावर सही झाली आणि अट होती शिक्षणानंतर १० वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. आजच्या भाषेत सर्व्हिस बाँडच.

बाबासाहेबांनी तो मोडला नाही. लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून १९१७ मध्ये परत आले आणि बडोद्याला हजर झाले. संस्थानानं नोकरी दिली, पण राहायला घर मिळेना. अस्पृश्य म्हणून कुणी खोली देईना. पारशी म्हणून एका पारशी मुक्कामात राहिले, तिथूनही लोकांनी लाठ्या घेऊन बाहेर काढलं. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकायचे. काही दिवसांतच बडोदा सोडावं लागलं.

आता सांगा, बाँड कुणी मोडला? कागदावर बघाल तर त्यांनी. १० वर्षं म्हणून लिहून दिलं होतं, काही दिवसांत गेले. पण ज्यानं माणूस बोलावला त्यानं त्याला निजायला जागा द्यायला नको?

मी काही बडोद्याची आणि किनवटच्या क्वार्टरची तुलना करत नाही, दुःखाची जात वेगळी आहे. पण पैनगंगा ताईंनी काच नसलेली खिडकी लिहिली तेव्हा मला हेच आठवलं. आणि महाराजांना दोष द्यायचा म्हणून लिहीत नाही. त्यांची शिष्यवृत्ती नसती तर अमेरिकेतलं कोलंबिया विद्यापीठ नसतं आणि १९५० साली आमच्या औरंगाबादेत कॉलेज काढणारा माणूस तसा घडला असता का, कुणास ठाऊक. मी त्याच नागसेनवनात शिकलो.

हिमरू

नागसेनवन, बाकी सगळं मागं घेतो. (चेकबद्दलचं सोडून.)

सातासमुद्रापारची_सासुरवाशीण

मूळची परभणीची, आता अमेरिकेत, शाळेत नोकरी. इकडं शिक्षकांसाठी अशीच एक योजना आहे, टीच ग्रँट. २००७ च्या कायद्यातून आली. शिकताना सरकार वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत देतं. बदल्यात शिक्षण संपल्यापासून ८ वर्षांच्या आत ४ वर्षं गरीब वस्तीतल्या शाळेत, गणित-विज्ञानासारखा शिक्षक न मिळणारा विषय शिकवायचा.

नाही शिकवलं तर दंड नाही. पण मिळालेली ग्रँट कर्ज होते आणि व्याज लागतं ते पैसे हातात पडले त्या पहिल्या दिवसापासून. आमच्या सावकारांना लाजवेल असं गणित.

गंमत पुढं आहे. हजारो शिक्षक खरोखर त्या शाळांत शिकवत होते. दर वर्षी एक फॉर्म भरून पाठवायचा असतो. कुणाचा दोन दिवस उशिरा पोचला, कुणाची सही राहिली, की झालं कर्ज. वर्षानुवर्षं ओरड झाल्यावर नियम सैल केले आणि चुकीनं कर्ज झालेल्या ग्रँट परत फिरवल्या. बाह्यरुग्ण सरांचा 'एक्का' वाचला आणि हसू आवरेना. कारकून सगळीकडं एकाच आईची लेकरं.

इकडचं एक मात्र मला आवडतं, ८ वर्षांत ४. मधे बाळंतपण आलं, नवऱ्याची बदली झाली, तर माणूस थांबून परत सुरू करू शकतो. काकांना भाचीच्या लग्नाची जी काळजी आहे तिला अशी ढील असती तर निम्मी उरली असती.

ढोकीकर

ढील! हाच शब्द शोधत होतो. आपल्याकडं पतंग एक तर हातात घट्ट, नाहीतर थेट कापलेला.

खवा_भूम

अवांतर: शिक्षकांचा विषय निघाला म्हणून. आमच्या वहिनी शिक्षण सेवक होत्या, तीन वर्षं महिना ६,००० वर. आता १६,००० झालंय. ती पण एक प्रकारची बांधिलकीच, फक्त आधी शिष्यवृत्ती न देता. बाँडवाल्या डॉक्टरांनी त्यांच्याकडं बघून समाधान मानावं.

बाह्यरुग्ण_क्र_१

अवांतर नाही, वर्मावर बोट आहे.

तेरणाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, दोन दिवस सगळं वाचलं. काही पोरीलाही वाचून दाखवलं. बडोद्याचं वाचताना ती गप्प झाली. शाळेत धडा होता म्हणाली, पण कराराचं त्यात नव्हतं.

मग मी सरळच विचारलं, "बाई, तू बाँड करणार का?" ती म्हणाली, "मामा, मला वाटलं तुम्ही विचारणारच नाही, नुसतंच टेन्शन घेऊन सही कराल." मग म्हणाली, करणार. पण पुढं जे बोलली ते लिहितो, कारण मला उत्तर देता आलं नाही. "माझ्या वर्गातल्या ज्या पोरी १० लाख भरणार आहेत त्यांना कुणी विचारतच नाही करणार का म्हणून. मलाच सगळे विचारायलेत."

सही केली. स्टॅम्प घ्यायला गेलो तर आता १०० चा चालत नाही, ५०० चाच घ्यावा लागतो. विक्रेता म्हणाला, "काय, शेताचा व्यवहार?" मी म्हटलं, माणसाचा. तो माझ्याकडं बघतच राहिला.

बाह्यरुग्ण सर, तुमच्या सांगण्याप्रमाणं तीन झेरॉक्स संच केले. एक पोरीकडं, एक बहिणीच्या लोखंडी पेटीत, एक माझ्या आडतीतल्या कपाटात, जिथं वडिलांच्या त्या जामिनाचे कागद अजून आहेत. दोन्ही एकाच फायलीत ठेवू नयेत म्हणून नवी फाईल आणली, हिरवी.

आईला सांगितलं. ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी पोरीची ओटी भरली.

पैनगंगा ताई, पोस्टिंगच्या दिवशी रजा काढणार. कडी-कोयंडा, पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर सोबत नेणार. साडेपाच वर्षं आहेत, तोवर सुतारकाम शिकतो.

पैनगंगा

काका, खिडकीच्या काचेचं मापही घेऊन ठेवा.  मच्छरदाणी न्या, दोरी लांब असलेली. भिंतीला खिळा कुठं असेल ते सांगता येत नाही.

जिरायती_माणूस

पोरीला म्हणावं आमच्या पीएचसीला ये. माय तोवर असली तर तिची समदी हिस्ट्री मी वहीत लिहून ठेवायलोय, पहिल्या पानापासून. चष्मा आहे का तिला?